चिऱ्याच्या घरात नेट पसरवताना

आमचं घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं. पुढे खळं, मग ओटी, ओटीच्या आत माजघर, माजघराच्या एका अंगाला देवघर, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे पडवी. वर अर्ध्या घरावर माडी. घराचा नकाशा आधी सांगते, कारण वायफाय बसवायचं तर पहिला विचार घराचा करावा लागतो, राउटरच्या मॉडेलचा नंतर. आमच्या भागात आता बऱ्याच वाड्यांपर्यंत फायबर आलंय आणि जिथे जाते तिथे तेच पाहते. ओटीवरच्या खिडकीपाशी पांढरा डबा टांगलेला आणि घरातली पोरं अभ्यासाची वह्या-पुस्तकं घेऊन त्याच्या खाली बसलेली. आतल्या खोल्यांत नेट नाही म्हणून कंपनीला नावं ठेवली जातात. नेट तर घरात आलेलं असतं. ते आतल्या माणसापर्यंत न्यायचं काम कुणी केलेलं नसतं.

आमच्याकडे ज्याची त्याची गरज वेगळी. मी पुण्याच्या एका ऑफिसचे हिशेब घरून सांभाळते. दिवसभर व्हीपीएन (ऑफिसच्या जाळ्याशी जोडणारी सुरक्षित वाट) चालू आणि बसायची जागा माडीवर. पुतणी बारावीला, तिचे क्लास ऑनलाइन, तिची खोली मागच्या पडवीला लागून. सासूबाईंना संध्याकाळी स्वयंपाकघरात यूट्यूबवर कीर्तन हवं. आप्पा ओटी सोडत नाहीत. सातबारा काढायचा, बँकेचा मेसेज बघायचा, एप्रिल-मे आला की आंब्याच्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर घ्यायच्या, सगळं तिथेच झोपाळ्यावर. गणपतीत मुंबईकर आले की फोनच फोन. म्हणजे घराचा एकही कोपरा असा नाही की जिथे नेट नसलं तरी चालेल.

फायबर जोडायला आलेला मुलगा कामात तरबेज होता. खांबावरून आलेली काळी चपटी ड्रॉप केबल त्याने खळ्यात घेतली. केबलच्या कडेने एक पोलादी तार असते, वजन पेलायला. ती त्याने बाहेरच्या हुकाला घट्ट बांधून कापून टाकली, घरात आणली नाही. मग वरचं आवरण सोलून आतला काचेचा तंतू काढला. आवरणासकट जाड केसासारखा दिसतो. नुसती काच १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग, आणि त्यातही प्रकाश जातो तो मधल्या ९ मायक्रॉनमधून. स्पिरिटने पुसून, टोक काटकोनात तोडून त्याने ते स्प्लायसिंग मशीनमध्ये ठेवलं. छोट्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर आली, एक ठिणगी पडली आणि काच काचेला जोडली गेली. आप्पा चष्मा लावून अगदी जवळ बसून बघत होते. त्यांनी विचारलं, "यातून करंट जातो का रे?" मुलगा म्हणाला, "नाही आजोबा, नुसता उजेड जातो. पण त्यात बघायचं नाही हां, डोळ्याला दिसत नाही तरी असतो."

पॉवर मीटरवर आकडा आला उणे २१. हा आकडा त्याला विचारून मी वहीत लिहून ठेवला आणि प्रत्येकाने लिहून ठेवावा असं मला मनापासून वाटतं. हे डीबीएममधलं, म्हणजे उजेडाच्या ताकदीचं माप. उणे २७ च्या आसपासपर्यंत घरातलं यंत्र (तोच पांढरा डबा) सांभाळून घेतं, त्याखाली गेलं की तुटक-तुटक. दर ३ डीबीला उजेड निम्मा होतो. उद्या वायर कुठे दुमडली, कनेक्टरवर धूळ बसली की आकडा २४, २५ व्हायला लागतो आणि तक्रार करताना "नेट स्लो आहे" यापेक्षा "उणे २१ होतं ते २६ झालंय" असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच कामाला लागतो. बऱ्याच यंत्रांच्या सेटिंगच्या पानावरही हा आकडा दिसतो.

यंत्र कुठे लावायचं यावरून थोडी चर्चा झाली. त्याला ओटीवरच लावायचं होतं, एक भोक पाडलं की काम संपलं. मी म्हणाले, माजघरात. "वहिनी, भिंत जाड आहे, ड्रिल लांब लागेल." लागू दे म्हटलं. चहा झाला, शेजारून ड्रिलचं लांब पातं मागवलं आणि तुळईच्या जरा खाली भोक पडलं. भोकाला बाहेरच्या बाजूला उतार ठेवायला सांगितला आणि वायर भोकात शिरण्याआधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत आत न येता झोळाच्या टोकाशी टपकतं. कोकणातल्या पावसात या एवढ्याशा गोष्टीने भिंत वाचते. आत उरलेली वायर मोठ्या वेटोळ्यात गुंडाळून खिळ्याला अडकवली. काच लहान वळणात मोडत नाही लगेच, पण उजेड वळणातून बाहेर सांडतो.

यंत्राचे दिवे लागले. पॉवर, मग पॉन (फायबर जोडणीचा) लुकलुकून स्थिर झाला, आणि एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा विझलेलाच राहिला. तो लाल लागला तर समजायचं की उजेडच येत नाही, घरातलं काही दाबून उपयोग नाही.

मुलगा निघण्याआधी मी त्याच्याकडून पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या नेटला जोडून घ्यायचं, युजरनेम आणि पासवर्ड मागून घेतला. बरेच जण तो मागत नाहीत आणि यंत्र रीसेट झालं की अडून बसतात. मग लॅपटॉप पिवळ्या पोर्टला वायरने जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा यंत्राचा पत्ता उघडला. यंत्राच्या पाठीवरच्या स्टिकरवर आत जायचा पासवर्ड असतो, तो पहिल्यांदा बदलला. वायफायचं नाव घराच्या नावावरून ठेवलं. सुरक्षेत डब्ल्यूपीए२ ही वायफायच्या कुलपाची पद्धत निवडली, कारण आप्पांचा जुना फोन नवी डब्ल्यूपीए३ ओळखत नाही. डब्ल्यूपीएस बंद केलं. बटण दाबून जोडायची ती सोय दिसायला छान, पण तिचा आठ आकडी पिन तोडता येतो हे २०११ पासून जगजाहीर आहे.

मग फोन हातात घेऊन घरभर फिरून वेग मोजला. योजना १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिट). माजघरात ९० च्या वर. ओटीवर ४० च्या आसपास, आप्पांना भरपूर. स्वयंपाकघरात १५ ते २०, फ्रिजच्या पलीकडे गेलं की त्याहून कमी. माडीवर ६-७. आणि पुतणीच्या खोलीत कधी १, कधी काहीच नाही. आपल्याकडे २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला (हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस) ब्रॉडबँड म्हटलं होतं, २०१३ मध्ये ते ५१२ झालं आणि २०२३ पासून किमान २ एमबीपीएस. घरात १०० येत असताना जिला सगळ्यात जास्त गरज, तिच्या टेबलापर्यंत सरकारी व्याख्येएवढंही पोचत नव्हतं.

याला जबाबदार चिरा. जांभा दगड सच्छिद्र, पावसाळाभर पाणी पिऊन राहतो आणि वायफायच्या लहरींना पाणी गिळतं. मधल्या भिंतीसुद्धा हातभर जाड. ५ गिगाहर्ट्‌झची लहर वेगवान पण भिंतीपुढे नाजूक. माजघराच्या बाहेर ती जवळजवळ संपतेच. २.४ गिगाहर्ट्‌झची एखाद-दुसरी भिंत ओलांडते, पण तीन नाही. त्यात स्वयंपाकघरातली स्टीलची मांडणी आणि फ्रिज म्हणजे धातूचे पडदेच. अँटेना सहा असोत की आठ, याला इलाज नाही. शिवाय परवान्याशिवाय किती ताकदीने प्रक्षेपण करायचं याला कायद्याची मर्यादा आहे, आणि राउटरने मोठ्याने ओरडून भागत नाही, फोनचं उत्तरही परत त्याच भिंतींतून यावं लागतं.

दुकानात विचारलं तर रिपीटर घ्या म्हणाले. भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचा, स्वस्त. साधा रिपीटर एकाच चॅनेलवर ऐकतो आणि त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. तोही चालला असता, पण रिपीटरला स्वतःला चांगला सिग्नल मिळेल अशी जागा लागते, आणि आमच्या घरात चांगला सिग्नल जिथे संपतो तिथेच भिंत सुरू होते. मेश (घरभर ठेवायचे, एकमेकांशी बोलणारे राउटर) घेतलं तरी बिनतारी असेल तर त्याच भिंती आडव्या येणार. म्हणून ठरवलं, वायर ओढायची. माजघरातून एक फाटा माडीवर, एक मागच्या पडवीकडे, आणि दोन्ही टोकांना एकेक साधा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरीने आलेलं नेट तिथे वायफायने पसरवायला.

वायर चिपळूणहून आणली. कॅट ६ (नेटवर्कची आठ तारांची वायर), पण घेताना शुद्ध तांब्याची हे विचारून, तिथेच टोक सोलून, चाकूने तार खरवडून पाहिली. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर बाजारात भरपूर आहे. खरवडलं की आत पांढरी चमक दिसते. ती लवकर तुटते आणि दमट हवेत तिचे सांधे खराब होतात. कॅट ६ ची एक ओढ १०० मीटरपर्यंत चालते, घरात त्याच्या पाव भागही लागत नाही. माळ्यावर उंदीर आहेत, म्हणून सगळी वायर पीव्हीसी पाइपातून, वाशांच्या बाजूने, क्लिपा मारत नेली. विजेच्या वायरीपासून वीतभर अंतर ठेवलं आणि जिथे ओलांडावी लागली तिथे आडवी काटकोनात ओलांडली. हे काम दीर आणि पुतणी दोघांनी केलं. कौलांखाली वाकून पाइप सरकवायला तीच मावते.

टोकांना आरजे ४५ (नेटच्या वायरीचा कनेक्टर) बसवायचं काम माझ्याकडे. मला ते आवडतं. बाहेरचं आवरण इंचभर सोललं की आत पीळ घातलेल्या चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. कॅट ६ मध्ये मधोमध एक प्लॅस्टिकचा चौफुला असतो, तो मुळापाशी कापायचा. पीळ उलगडून तारा अंगठ्याखाली दाबून सरळ करायच्या आणि डावीकडून क्रम लावायचा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या दोन तारांच्या मध्ये निळी जोडी येते, गोंधळ तिथेच होतो. मग आठही तारा एकसारख्या कापून कनेक्टरमध्ये सरकवायच्या आणि उजेडासमोर धरून आठही तांब्याची टोकं कनेक्टरच्या नाकापर्यंत पोचलीत का ते बघायचं. बाहेरचं आवरणही कनेक्टरच्या आत गेलेलं हवं, म्हणजे ओढ तारांवर न येता आवरणावर येते. पीळ शक्य तितका कमी उलगडायचा, कारण एका जोडीचा गोंगाट दुसरीत जाऊ न देण्याचं काम तो पीळच करतो. पुतणी शेजारी बसून रंग मोठ्याने म्हणत होती, मी लावत होते.

टेस्टर लावला, आठही दिवे ओळीने लागले. हा टेस्टर स्वस्तातला असला तरी जवळ असावाच. आठपैकी पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या एवढ्या चारच तारा लागल्या तरी नेट चालू होतं, पण १०० एमबीपीएसवर अडकतं. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) आठही लागतात. वायर "चालतेय" म्हणून सोडून दिली तर हे कधी कळतही नाही.

आता सेटिंग. दुसरा राउटर वायरने लॅपटॉपला जोडला, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, तिसऱ्याचा १९२.१६८.१.३. दोन्हींवर डीएचसीपी बंद. माजघरातून येणारी वायर त्यांच्या वॅन (बाहेरच्या नेटसाठीच्या) पोर्टला न लावता लॅन (घरातल्या जोडणीच्या) पोर्टला लावली. हल्लीच्या बऱ्याच राउटरवर ॲक्सेस पॉइंट मोड नावाचा पर्याय असतो, तो निवडला की हे सगळं आपोआप होतं, पण काय होतंय ते माहीत असलेलं बरं. डीएचसीपी म्हणजे आलेल्या प्रत्येक फोनला घरातला पत्ता वाटून देणारा. लग्नघरी पाहुण्यांच्या खोल्या दोघा जणांनी एकमेकांना न विचारता वाटल्या तर जे होईल, तेच घरात दोन डीएचसीपी असले की होतं. पत्ते वाटायचं काम एकट्या माजघरातल्या यंत्राकडे ठेवलं.

तिन्ही ठिकाणी वायफायचं नाव आणि पासवर्ड तोच, म्हणजे चालता-चालता फोन आपला आपण जवळचं यंत्र धरतो. चॅनेल मात्र वेगळे. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांवर न चढणारे तीनच चॅनेल आहेत, १, ६ आणि ११. माजघर ६, माडी १, पडवी ११. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवली. शहरात शेजाऱ्यांच्या वायफायमुळे हे गणित कठीण होतं, वाडीत आमच्याशिवाय हवेत फारसं कोणी नाही. माडी आणि पडवीच्या दोन्ही यंत्रांची प्रक्षेपणाची ताकद मी मध्यम ठेवली. पूर्ण ठेवली की फोन लांबच्याच यंत्राला चिकटून राहतो.

पुतणीच्या टेबलापाशी वेग मोजला तेव्हा ९३ आला. तिने काही न बोलता क्लासचं रेकॉर्डिंग लावलं आणि वही उघडली.

माडीवर माझ्या व्हीपीएनने थोडं छळलं. काही पानं उघडायची, काही अर्ध्यावर लटकायची. नेटवरची माहिती छोट्या पाकिटांतून जाते. पीपीपीओई प्रत्येक पाकिटातल्या १५०० बाइटांपैकी ८ स्वतःकडे घेतं, उरतात १४९२. व्हीपीएन त्यावर आपलं आणखी आवरण चढवतं आणि मोठी पाकिटं वाटेत अडतात. व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) कमी करून १४०० केला आणि त्रास थांबला. घरून काम करणाऱ्या कुणाला असं "काही साइट चालतात, काही नाहीत" दिसत असेल तर ही जागा तपासून बघा.

पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क फक्त माजघरातल्या यंत्रावर केलं. साध्या राउटरला ॲक्सेस पॉइंट केलं की त्याच्यावरचं गेस्ट नेटवर्क अनेकदा नावापुरतंच वेगळं उरतं, पाहुण्याचा फोन घरातल्याच जाळ्यात येतो. गणपतीत सगळ्यांचा राबता माजघर आणि ओटीवरच असतो, त्यामुळे सोय झाली. पासवर्ड मोठ्या अक्षरांत लिहून आरशाच्या कडेला लावला आहे, आणि पाहुणे गेले की तो बदलायचं काम पुतणीचं.

दिरांना आंब्याच्या बागेजवळच्या मांगरावर (शेतातल्या खोपटावर) कॅमेरा हवा होता आणि तो बाहेरगावाहून थेट बघायचा होता. पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून येणाऱ्याला घरातल्या यंत्रापर्यंत वाट करून देणं) करून भागेल असं त्यांना कुणी सांगितलं होतं. यंत्राच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहिला तर १०० ने सुरू होणारा, १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला. हा पट्टा २०१२ मध्ये याचसाठी राखून ठेवला गेला. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते पुरेनात, म्हणून कंपन्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. अशा घरात बाहेरून दार ठोठावता येत नाही, कितीही पोर्ट उघडले तरी. कॅमेऱ्याच्या कंपनीच्या ॲपमधून दिसणारा कॅमेरा घेणं किंवा पैसे भरून स्टॅटिक आयपी (स्वतःचा, न बदलणारा पत्ता) घेणं, हे दोन रस्ते. आम्ही पहिला धरला.

विजेचं सांगायलाच हवं. पावसाळ्यात लाइट जाणं नेहमीचं. पॉन पद्धतीच्या फायबरमध्ये एक्स्चेंजपासून घरापर्यंत वाटेत वीज लागत नाही. मधला स्प्लिटर हा नुसता काचेचा, एका तंतूतला उजेड ३२ किंवा ६४ घरांत वाटणारा. त्यामुळे गावची वीज गेली तरी एक्स्चेंज चालू असेल तर उजेड येत राहतो, फक्त घरातल्या यंत्राला वीज हवी. राउटरसाठीचे १२ व्होल्टचे छोटे यूपीएस मिळतात. घेताना अडॅप्टरवरचा आकडा वाचायचा. काही राउटर ९ व्होल्टचे असतात, आणि अँपिअर कमी पडले तर यंत्र मधेच बंद-चालू होत राहतं. माजघराला एक घेतला, पडवीला एक. माडीला इन्व्हर्टर आहे.

गडगडाट सुरू झाला की मात्र सगळे अडॅप्टर काढायचे, हा नियम आप्पांनी केला आणि तो बरोबर आहे. तांब्याच्या टेलिफोन लाइनच्या काळात वीज पडली की वायरीतून येऊन मोडेम जळायचे, आमचेही जळले. काचेतून ती येत नाही, आणि पोलादी तार बाहेरच कापलेली आहे. पण विजेच्या लाइनमधून येऊ शकते, आणि एका यंत्रात शिरली की कॅट ६ च्या तांब्यातून बाकीच्यांपर्यंत जाऊ शकते.

आणि म्हणूनच मांगरापर्यंत तांब्याची वायर न्यायला मी तयार नाही. मधे उघडं खळं, माड आणि बाग. तिथे काचेचीच वायर टाकायची, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (काचेतला सिग्नल तांब्यात आणि उलट बदलणारे डबे) लावायचे, आणि वायर पाइपातून गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने जमिनीखालून न्यायची. तोवर कॅमेरा सिमकार्डावर चालू आहे. दिरांनी चर खणायला माणूस सांगून ठेवलाय. आंब्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत ते काम उरकायचं आहे.